पंप ओढत नाही

पंपाचा आवाज बदललाय हे हिल्केच्या लक्षात आलं तेव्हा तो दाढी करत होता. वस्तरा गालावर जागच्या जागी थांबला. एरवी हा पंप सकाळी आपोआप सुरू व्हायचा, थोडा वेळ घुरघुरायचा, बोटीच्या पोटात साठलेलं पाणी कालव्यात टाकायचा आणि एक समाधानाचा ढेकर देऊन बंद व्हायचा. त्या ढेकरानंतरच हिल्केच्या घशाखाली पाव उतरत असे. आज पंप घुरघुरला, घुरघुरतच राहिला, आणि ढेकर काही आला नाही.

ज्यांची घरं जमिनीवर असतात त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. त्यांच्याकडे नळ गळला तर फरशी ओली होते, फार तर खालच्या मजल्यावरचा माणूस भांडायला येतो. हिल्के आणि त्याची बायको रिक्स्त राहायचे हॉलंडमधल्या लेउवार्डन गावाच्या एका कालव्यात, काठाला बांधलेल्या जुन्या लोखंडी मालवाहू बोटीवर. त्यांच्या खालच्या मजल्यावर कुणी माणूस नव्हता, कालवा होता, आणि तो वर यायला निघाला तर भांडून उपयोग नव्हता. बोटीचं नाव ‘दोन भाऊ’. ज्यांच्यावरून नाव ठेवलं ते दोघेही भाऊ कधीचेच वारले होते आणि बोट वयानं त्यांच्याच बरोबरीची होती. इतक्या जुन्या लोखंडातून थोडं पाणी झिरपणारच. ते पंपानं ओढून बाहेर टाकायचं, एवढ्या एका गोष्टीवर हिल्केचा सगळा संसार तरंगत होता.

त्यातून तो कामाला होता नोटरीच्या कचेरीत. दिवसभर लोकांची मृत्युपत्रं तपासायची. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होते, ती म्हणजे मरणाच्या आदल्या दिवशी कुणालाच काही वाटलेलं नसतं.

“रिक्स्त,” तो अर्ध्या दाढीनं बाहेर आला, “पंप ऐकतेस का?”

“ऐकतेय. चालू आहे.”

“चालू आहे, पण ओढत नाहीये.”

“मग बघ ना काय झालंय ते.” रिक्स्त सायकलीच्या पिशवीत हातमोजे भरत होती. ती सुईण होती. पायाळू मूल असेल तरच तिचा चेहरा किंचित गंभीर व्हायचा. बाकी जगातल्या कुठल्याही गोष्टीला ती घाबरत नसे, आणि नवऱ्यालाही कशाचं भय वाटायचं कारण नाही असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं. “फक्त रविवारच्या आत काय ते कर. हाईट येताहेत.”

हाईट म्हणजे तिथल्या बोलीत बाबा; रिक्स्तचे वडील, वोप्के. आयुष्यभर याच बोटीतून त्यांनी बटाटे वाहिले, जळणासाठी दलदलीतलं पीट वाहिलं, आणि म्हातारपणी बोट लेकीच्या हवाली करून गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात राहायला गेले. पण हवाली केली म्हणजे सोडली असं नव्हे. दर रविवारी कॉफीला यायचे ते बसण्याआधी आतल्या लोखंडी भिंतीवर तळहात टेकून उभे राहायचे, डॉक्टर छातीवर हात ठेवतो तसे. मग हिल्केकडे बघायचे. त्या बघण्यात पुष्कळ काही असायचं, आणि त्यातलं काहीच हिल्केच्या बाजूचं नसायचं.

“त्यांना कळलं पंप बिघडलाय, तर गादी घेऊन इथंच राहायला येतील,” असं म्हणून रिक्स्त सायकलीवर बसली.

म्हणजे आता भयं दोन झाली. एक खालून वर येणारं, एक रविवारी चाकांची आधारगाडी ढकलत चालत येणारं.

हिल्केनं पायाखालच्या जमिनीच्या फळ्या उचलून बोटीच्या पोटात डोकावून पाहिलं. काळं, थंड, डिझेलचा वास मारणारं पाणी. त्यानं खडू आणून लोखंडी बरगडीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली आणि कचेरीत गेला. संध्याकाळी परत येऊन पाहतो तर रेघ दिसेना. खडू पाण्यात विरघळतो हे कळायला त्याला थोडा वेळ लागला, पण तो थोडा वेळ कसा गेला हे त्याचं त्यालाच माहीत.

पुढच्या बोटीवर लोल्के राहायचा. शाळेत कसरतीचा मास्तर. त्याला जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल मत होतं आणि ते सांगताना तो दोन्ही पाय फाकून उभा राहायचा.

“जाळी तुंबलीय,” लोल्के काठावरच्या फळीवरून उतरता उतरताच म्हणाला. “खाली नळीच्या तोंडाला जाळी असते ना, तिच्यात कचरा अडकला की पंप ओढत नाही. हात घाल.”

“मी?”

“बोट कुणाची?”

हिल्केनं बाही वर केली आणि हात घातला. दिसत काही नव्हतं. बोटांना काहीतरी मऊ लागलं तेव्हा त्याच्या मनात जे काही येऊन गेलं ते एखाद्या मृत्युपत्रातही कुणी लिहिलं नसतं. निघाला तो लोकरीचा मोजा. मग केसांचा पुंजका, कपडे वाळत घालायचा चिमटा आणि एक चमचा, ज्याच्या चोरीचा आळ गेल्या नाताळात त्यानं मनातल्या मनात रिक्स्तच्या बहिणीवर घेतला होता.

“आता तळहात लाव जाळीवर,” लोल्के म्हणाला. “ओढतोय का?”

“ओढतोय. जरासा. म्हाताऱ्या मावशीनं गालाची पापी घ्यावी तसा.”

“मग हवा धरतोय. नळीच्या जोडांतून कुठूनतरी हवा आत जातेय. पाण्याऐवजी पंप हवाच खात बसलाय.”

मग दोघांनी सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला. जिथं फेस आत ओढला जाईल तिथं फट. फेस कुठंच आत गेला नाही, सगळीकडे तसाच शांतपणे बसून राहिला. लोल्के म्हणाला, फट फार बारीक असणार, म्हणूनच धोक्याची. म्हणून त्यांनी जोडांवर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि वरून चिकटपट्ट्या गुंडाळल्या. पंप पूर्वीइतकाच ओढत राहिला, फक्त आता तो वाढदिवसाच्या केकसारखा दिसायला लागला.

“मग आतला रबरी पंखा झिजलाय,” लोल्के म्हणाला. “उघडू या.”

हिल्केला पंप उघडायचा नव्हता. न ओढणारा पंप रखडत का होईना चालू तर होता. पण ‘मला भीती वाटते’ हे वाक्य कसरतीच्या मास्तरसमोर कसं बोलायचं हे त्याला शाळेत असल्यापासून जमलेलं नव्हतं. पंप उघडला. पंखा नव्यासारखा ठणठणीत निघाला. पंप पुन्हा जोडला तेव्हा वर्तमानपत्रावर एक पितळी कडी आणि एक स्प्रिंग शिल्लक राहिली. बटण दाबलं तर पंपानं एक लांब उसासा टाकला आणि मावशीची पापीही बंद झाली.

फळ्यांखाली पाणी हलकेच लपलपलं. हिल्के एक पाऊल मागे सरला.

“घाबरू नकोस,” लोल्के म्हणाला. “माझ्या भावाकडे कांद्याच्या शेतावरचा पंप आहे. तो आणतो.”

शेतावरचा पंप आला तो दोघांना उचलावा लागला. त्याला आपोआप चालू-बंद होण्यासारखे लाड नव्हते, एक बटण होतं आणि एक गर्जना. जुनी नळी त्याला जोडली, बटण दाबलं, आणि नळी त्यांच्या डोळ्यांदेखत चपटी झाली. खरोखर चपटी, कमरेच्या पट्ट्यासारखी. पंप ओरडत होता, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, आणि पाणी थेंबभर हललं नाही.

लोल्केनं पंप बंद केला आणि नळी दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली. “ही आतून कुजून मऊ झालीय. ओढ लागली की हिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. म्हणजे तुझ्या पंपाचा काही दोषच नव्हता रे.”

दोघांनी वर्तमानपत्रावरच्या कडीकडे आणि स्प्रिंगकडे पाहिलं.

नवी नळी आणली. जाड, आत तारेचं वेटोळं असलेली, हत्तीच्या सोंडेइतकी ताठ. ती खाली हलू नये म्हणून लोल्केनं तिचं तोंड बोटीच्या तळाला लोखंडी पट्टीनं बोल्ट मारून आवळलं. जुन्या नळीच्या टोकाशी एक झडप होती. पाणी आत घेते, मागे जाऊ देत नाही. ती हिल्केनं बसवायला घेतली तर लोल्केनं त्याच्या हातातून काढून घेतली.

“ही कशाला? हिच्यामुळेच ओढ मार खाते. पाणी सरळ येऊ दे.”

पाणी सरळ आलं. इतकं सरळ आलं की बोटीच्या काठाकडच्या बाजूला, पाण्याच्या थोडं वर जे गोल भोक होतं, त्यातून मनगटाएवढी धार सुटली. फळ्यांखालचं पाणी बघता बघता उतरलं आणि लोखंड दिसायला लागलं. हिल्केला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यानं लोल्केचा हात हातात घेतला. नेमकं तेव्हाच बाहेरून कुणीतरी पत्र्यावर खिळा घासावा तसा आवाज आला, आणि पाठोपाठ दुर्क्येबाईंचा.

दुर्क्येबाई मागच्या बोटीवर राहायच्या. बासरी शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं काडी, पण आवाजाला धार. “हिल्के, ताबडतोब बंद करा ते.”

हिल्के वर धावला. बोटीच्या कडेला धक्क्यासाठी टायर टांगलेला होता, भोकाच्या बरोबर खाली. त्या टायरात चांदवा या पाणपक्ष्याच्या एका जोडीनं घरटं केलं होतं. गवताच्या काड्या, बटाट्याच्या तळणीचा कागदी द्रोण, फुग्याची दोरी, असा एकंदर मध्यमवर्गीय संसार. काळी, कपाळावर पांढरा टिळा असलेली मादी अंड्यांवर तशीच ओलीचिंब बसून होती, आणि नर हिल्केकडे बघून जे काही बोलत होता त्याचा अर्थ लावायला पक्षी कळावे लागत नव्हते.

“अंडी आहेत तिथं,” दुर्क्येबाई म्हणाल्या. “तुमच्या लक्षात आलं नाही?”

“मी खाली होतो. बोट बुडत होती.”

“प्रत्येकाला आपलंच दिसतं,” असं म्हणून त्यांनी फोन पालिकेला लावला आणि हिल्केच्या हातात दिला.

पालिकेच्या निसर्ग विभागातल्या माणसाचा आवाज मृदू होता. वीण चालू असताना घरट्यावर पाणी सोडता येणार नाही, पिल्लं पोहायला लागेपर्यंत ते भोक वापरायचं नाही.

“मग पंप बंद ठेवू का?”

“ते आमच्याकडे येत नाही. बंदर विभागाला जोडून देतो.”

बंदर विभागातल्या बाईंचा आवाज मृदू नव्हता. “राहत्या बोटीवर पंप चालूच हवा. नसेल तर बोट असुरक्षित धरतात. मग तुम्हाला ती जागा सोडावी लागेल.”

“जागा सोडायची म्हणजे बोट हलवायची?”

“अर्थात.”

“पण घरटं बोटीला आहे.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “मग बोट हलवता येणार नाही.”

“मग मी करू काय?”

“पंप चालू ठेवा.”

“पाणी घरट्यावर पडतं.”

“त्यासाठी निसर्ग विभाग. जोडून देऊ का?” दोन्ही फोनांत मागे एकाच कॉफीच्या यंत्राचा आवाज येत होता. हिल्केनं आभार मानून फोन दुर्क्येबाईंना परत केला. 

उपाय शेवटी त्यानं एकट्यानं शोधला आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला. नळीचं बाहेरचं टोक त्यानं भोकातून काढलं आणि कालव्याच्या बाजूच्या गोल खिडकीतून बाहेर सोडलं. पाणी तिकडे धबाधबा पडू लागलं. चांदवे शांत झाले. हिल्के रोज सकाळ-संध्याकाळ हातानं पंप चालवू लागला आणि मधल्या वेळात फळ्यांना कान लावू लागला.

रविवारी सकाळी दुर्क्येबाई पुन्हा फळीवर उभ्या. घरातल्या चपला, हातात दुर्बीण. “पिल्लानं आतून अंडं टोचायला सुरुवात केलीय. आणि तुमचा तो धबधबा. आई दचकतेय.”

“पण तो पलीकडच्या बाजूला आहे.”

“आवाजाला बाजू नसते. मी आयुष्यभर बासरी शिकवली. नळीचं तोंड पाण्याखाली सोडा, आवाज बंद होईल.”

हे इतकं साधं आणि इतकं शहाणपणाचं होतं की हिल्केनं लगेच केलं. नळीच्या टोकाला वीट बांधली आणि टोक पाण्यात सोडलं. आवाज खरंच बंद झाला. खाली जाऊन त्यानं पंप चालवला, तळ कोरडा केला, आणि वृद्धाश्रमाची गाडी काठावर वळलेली दिसताच बटण बंद केलं. गर्जना थांबली. कालवा आरशासारखा स्वस्थ. फळ्यांखाली काय चाललंय हे बघायचं त्या दिवशी प्रथमच त्याच्या मनात आलं नाही.

रिक्स्त घरी नव्हती. पहाटेच तिला एका बाळंतपणाला बोलावणं आलं होतं. सासरे आणि जावई समोरासमोर बसले. मध्ये कॉफी आणि गुलाबी साखरेचा थर दिलेला केक. वोप्केंनी आल्या आल्या भिंतीवर तळहात टेकला होता, पण काही बोलले नव्हते. आता ते दोन्ही हात मांडीवर ठेवून हिल्केकडे बघत होते.

“शेजारचा तो मास्तर कुठंय?”

“सामन्याला गेलाय. हातचेंडूच्या.”

“बरं.” वोप्केंनी केकचा एक तुकडा संपवला. “पाऊस कमी झालाय यंदा.”

“हो, हाईट.”

अशा जोमदार संभाषणात कॉफीचा दुसरा कप झाला. तिसरा ओतताना हिल्केच्या लक्षात आलं की कपातली कॉफी एका बाजूला कडेला टेकलीय आणि दुसऱ्या बाजूला खाली आहे. त्याला वाटलं, आपला हात वाकडा. त्यानं कप टेबलावर ठेवला. कॉफी तशीच. मग केकची सुरी हळूच, कुणी हात न लावता, टेबलाच्या कडेकडे निघाली.

वोप्केंनी ती थांबवली. “ही झुकतेय,” ते म्हणाले.

हिल्केनं पायाखालची फळी उचलली. खाली बघायची गरजच पडली नाही, पाणी फळीच्या बरोबरीला होतं. काळं, गुळगुळीत, आणि अजिबात घाईत नसलेलं.

त्यानं धावत जाऊन पंपाचं बटण दाबलं. खट्ट असा आवाज झाला आणि सगळ्या बोटीतली वीज गेली. पंप पाण्याखाली गेला होता.

“तळ गेला,” वोप्के म्हणाले. त्यांचा आवाज विलक्षण शांत होता आणि हिल्केला तीच गोष्ट भयंकर वाटली. “मला वाटतच होतं. कुठंतरी पत्रा फाटला. डुकराची चरबी आण.”

“काय?”

“चरबी. जाड, सालीसकट. भोकात कोंबायची आणि वरून उशी दाबून धरायची. पाण्यानंच ती घट्ट बसते.”

“हाईट, रिक्स्त मांस खात नाही. घरात चरबी नाही.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. माझ्याच बोटीवर, माझ्याच पोटची पोर, असं काहीसं त्या मिटलेल्या डोळ्यांमागे चाललं असावं. “मग आहे काय?”

“चीज आहे.”

“आण ते.”

तर अशा रीतीनं नोटरीच्या कचेरीतला एक सभ्य गृहस्थ, रविवारच्या इस्त्रीच्या पँटमध्ये, एका हातात चीजचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाहुण्यांची उशी घेऊन आपल्याच घराच्या फळ्यांखाली उतरला. पाणी मांडीपर्यंत आलं. ते इतकं थंड होतं की त्याला ओरडायचंही सुचेना. पुढं कमरेत वाकून, हनुवटी पाण्याला टेकवून तो तळ चाचपत चालला. भोक केवढं असेल? एक असेल की पुष्कळ? हात घातला आणि पत्र्याचा उरलेला भागही निसटला तर? चीज त्याच्या हातून कधी सुटलं आणि तरंगत कुठं गेलं, त्याला कळलंही नाही.

“सापडलं का?” वरून वोप्के.

“नाही.”

“प्रवाह लागेल हाताला. प्रवाह शोध.”

खालूनच, उघड्या खिडकीकडे तोंड करून त्यानं दुर्क्येबाईंना हाक मारली. सगळा जीव एकवटून मारली. बाहेरून उत्तर आलं, “शू. हळू. पिल्लू डोकं बाहेर काढतंय.”

आणि मग त्याच्या हाताला प्रवाह लागला. जोरात, बर्फासारखा. त्यानं तळहात पुढं नेला. जाळी होती. लोल्केनं बोल्ट मारून आवळलेली नळीची जाळी. गेले कित्येक दिवस त्यानं याच जाळीवर तळहात ठेवून ओढ तपासली होती, पण आज ती त्याचा हात ओढत नव्हती, ढकलत होती.

काही क्षण तो नुसताच वाकून उभा राहिला. मग भीतीच्या पलीकडून, फार लांबून, एक विचार त्याच्यापर्यंत येऊन पोचला. बाहेरचं टोक कालव्यात बुडलेलं. पंप बंद. अडवायला झडप नाही. कालवा त्याच नळीतून उलटा आत येत होता. तळ शाबूत होता. बोट हिल्के स्वतःच भरत होता, सकाळपासून, विटेसकट.

त्यानं जाळीवर दोन्ही तळहात दाबले. पाण्याचा जोर कमी झाला. हात काढला की पुन्हा सुरू. उशी लावून पाहिली तर ती चीजच्या मागोमाग निघून गेली. नळी उचलावी तर ती तळाला आवळलेली. म्हणजे हात तिथंच ठेवायचा आणि वर कुणीतरी टोक पाण्याबाहेर काढायचं. वर कोण होतं हे त्याला माहीत होतं.

“हाईट,” तो ओरडला, “तळ फाटलेला नाही. नळी उलटी चालतेय. कालव्याच्या बाजूला खिडकीतून नळी गेलीय, तिचं टोक पाण्याबाहेर ओढा.”

वरून काहीच आवाज नाही. मग आधारगाडीच्या चाकांचा. खड्, खड्. चाकं डेकवर आली. हिल्के त्या आवाजाचा डोक्यावरून माग काढत होता. आता डावीकडे वळतील, कालव्याच्या बाजूला. चाकं उजवीकडे वळली. चाकं काठावर जायच्या फळीवर चढली, फळी करकरली, आणि मग विटांच्या रस्त्यावर त्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

मग नुसतं पाणी.

हिल्केनं खूप मृत्युपत्रं वाचली होती आणि स्वतःचं अजून केलेलं नव्हतं. आपण काय काय ठेवून जातोय याची यादी त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाली. सायकल. घड्याळ. शेजाऱ्याच्या भावाचा पंप, पण तो आपला नाहीच. बोटं बधिर झाली होती, जाळी हाताखाली आहे की नाही हेही आता कळेनासं झालं होतं. हात सोडून वर पळावं, असं त्याला वाटलं. वाटलं काय, त्यानं एक हात उचललाही. उचलल्याबरोबर पाण्यानं त्याच्या तळव्याला असा धक्का दिला की त्यानं तो पुन्हा दाबला आणि डोळे मिटून घेतले. सासऱ्याचा राग येईल असं त्याला वाटत होतं, पण आला नाही. एवढ्या वयाच्या माणसानं जावं, असंच त्याला वाटलं. फक्त जाताना त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. डेकवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. चाकांचा नव्हता. कुणीतरी पोतं ओढत नेतंय तसा, थांबत थांबत, डावीकडे. मग धाप. मग खिडकीपाशी नळीला हिसका बसला, दुसरा बसला, आणि वीट लोखंडावर ठाण्‌कन आपटली.

तळहातावरचा जोर गेला. नळीनं एक मोठा घोट घेतला, उरलेलं पाणी बोटीत ओतलं आणि गप्प झाली.

हिल्के वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. वोप्के अरुंद डेकवर कालव्याकडे पाय सोडून बसले होते. गुडघ्यांवर पँट फाटलेली, बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या, आणि मांडीवर नळीचं टोक, विटेसकट, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. त्यांची आधारगाडी लांब काठावर, लिंडनच्या झाडाखालच्या बाकापाशी उभी होती.

हिल्के त्यांच्या शेजारी बसला. 

“ती गाडी आश्रमाची आहे,” वोप्के म्हणाले. “भिजली तर बोलतात.”

“हो, हाईट.”

“म्हणून ठेवायला गेलो होतो.”

“बरोबर आहे.”

म्हाताऱ्यानं नळी मांडीवर जरा नीट केली.  “मी पळालो असं वाटलं तुला?”

“नाही, हाईट.”

“मला वाटलं,” वोप्के म्हणाले. “बाकापर्यंत वाटत होतं. मग बसलो, आणि बसवेना. गाडी घेऊन परत यायला वेळ लागला असता, तिला फळीवर चढवावं लागतं. म्हणून तशीच टाकून आलो. शेवटचं जरा हातांवर आणि गुडघ्यांवर.”

 हिल्केनं आपला ओला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. त्याचा काहीच उपयोग नव्हता, पण वोप्केंनी तो काढला नाही.

“मीही एक हात उचलला होता,” हिल्के थोड्या वेळानं म्हणाला.

“दुसरा?”

“दुसरा होता तिथंच.”

वोप्केंनी मान हलवून त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात या वेळी हिल्केच्या बाजूचं थोडं काहीतरी होतं, किंवा थंडीमुळे त्याला तसं वाटलं असेल.

काठावर सायकलीची घंटा वाजली. रिक्स्त उतरली. रात्र न झोपल्यामुळे डोळे लाल, पण चेहरा उजळलेला. तिनं बाकापाशी उभी असलेली आधारगाडी पाहिली, थोडी झुकलेली बोट पाहिली, डेकवर नळी धरून बसलेली दोन ओली माणसं पाहिली.

“मुलगी झाली,” ती म्हणाली. “पायाळू होती, पण सुखरूप. तुमच्याकडे काय?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 

“काही नाही,” वोप्के म्हणाले. “कॉफी गार झाली.”